जोडीतली दुसरी

११ फेब्रुवारी

थोरले,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतंच.

शुद्धीवर आल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न काय विचारला, ते तुला सांगते. "गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

मी म्हटलं, "कसल्या गोळ्या?"

आपल्या जुळ्यांच्या अभ्यासातले तेच डॉक्टर. डोक्यावरचे केस गेलेत, पण काही अवघड बोलायच्या आधी चष्मा काढून कोटाला पुसायची सवय अजून आहे. त्यांनी चष्मा पुसला, घातला आणि म्हणाले, "हृदयाच्या. तुमच्या ताई घेतात त्याच."

"मला हृदयाचं काही नाही," मी म्हटलं. "मी पोहायला शिकवते."

सलाईन बघत उभी असलेली नर्स एकदम खिडकीबाहेर पाहायला लागली. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. उभ्या उभ्या बोलणारे डॉक्टर बसले, की समजावं.

मी तलावाच्या काठावर पडले हे तुला कळलंच असेल. लहान मुलांची तुकडी होती. सगळी फळ्या धरून पाय मारत होती, मी काठाने चालत "गुडघे वाकवू नका" म्हणत होते, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही. पाण्यात पडले असते तर हे पत्र लिहायला उरले नसते. जीवरक्षक पोराने छाती दाबली, भिंतीवरच्या यंत्राने झटका दिला, बरगड्या मोडल्या आणि मी परत आले. आता डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत एक यंत्र बसवलंय. हृदय भरकटलं की ते आतूनच झटका देणार. घोडा लाथ मारतो तसं वाटतं म्हणे. अजून मारलेली नाही.

आणि हे सगळं मला होणार हे तुला अकरा वर्षं माहीत होतं.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. त्यांना वाटत होतं मला ठाऊक आहे, म्हणून सांगताना तेच माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. तुझ्या हृदयाचा स्नायू पातळ होत चाललाय, हे त्यांना त्या वर्षीच्या तपासणीत दिसलं. पिढीजात आजार. बाबा ऑफिसच्या जिन्यात गेले ते यानेच, असं आता म्हणतात. आपण एकाच अंड्यातून झालेल्या, म्हणजे तुझं हृदय तेच माझं. हे त्यांनी तुला त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. "बहिणीला लगेच कळायला हवं," म्हणाले. "त्या गरोदर आहेत, म्हणजे आजच कळायला हवं." आणि तू म्हणालीस, "मीच सांगते. माझ्याकडून ऐकलेलं बरं."

त्या वर्षी तू एकटी का गेलीस? कारण माझे आधीचे दोन गर्भ राहिले नव्हते आणि बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंनी मला अंथरुणातून उठायची बंदी केली होती. एरवी आपण कधी चुकवलं नाही. कॉलेज संपता संपता आपण त्या अभ्यासात नाव घातलं, तेव्हापासून वर्षातला तो एक दिवस आपला असायचा. सकाळी रक्त, मग डोळे, मग त्वचा, मग हाडं, मग स्मरणशक्ती, शेवटी हृदय. त्वचेचे डॉक्टर आणि हाडांच्या बाई आपल्यावरून भांडायचे, आधी कोणाकडे म्हणून. स्मरणशक्तीच्या विभागात तू शब्दांची यादी खरंच पाठ करायचीस आणि मी तुझ्या ओठांकडे बघायचे. मला वाटायचं, इतक्या हुशार माणसांना आपण हव्या आहोत, नुसत्या जन्मलो एवढ्यावर.

त्या संध्याकाळी तू माझ्या पलंगावर येऊन बसलीस. मी विचारलं, "काय नवीन निघालं माझ्या अंगात?" तू गेलीस की माझीच तपासणी झाली, असं आपण म्हणायचो. तू माझ्या पायावरची चादर नीट केलीस आणि म्हणालीस, "काही नाही गं. डोळ्यांचा नंबर वाढलाय थोडा."

बाळंतपणानंतर मी डोळे तपासून घेतले. नंबर होता तोच होता. मला तेव्हाही काही वाटलं नाही. माझी बहीण सांगते ते खरंच असणार, मशीन चुकलं असेल.

पुढच्या वर्षी तू म्हणालीस, अभ्यास संपला, आता आपली जोडी त्यांना नको आहे. मला चक्क वाईट वाटलं. आणि तिकडे तू त्यांना सांगितलंस की धाकटीला आता यायचं नाही, ती दुसरीकडे औषध घेते. नाव काढून घेतलेल्या माणसाला पुन्हा फोन करायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. हा नियम माझ्या भल्यासाठी आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले.

तू रोज फोन करतेस. मी उचलणार नाही. फोनवर तू रडशील आणि मग मला तुझी समजूत काढावी लागेल. लिहून पाठव. एवढंच लिही, का?

धाकटी


२३ फेब्रुवारी

थोरले,

तुझं उत्तर मिळालं. पानभर कागदावर एकच ओळ. "तुला मूल हवं होतं." आणि खाली, "मी येऊ का?"

येऊ नकोस.

मला मूल हवं होतं हे मला माहीत आहे. ते तू मला कळवायची गरज नव्हती. मला कळवायचं होतं ते दुसरं होतं.

दिवसभर पडून असते, त्यामुळे आठवायला वेळ भरपूर आहे. त्या सात महिन्यांत तू मला तळहातावरच्या फोडासारखी जपलीस. रोज ऑफिस सुटलं की यायचीस. नकाशांच्या नळकांड्या दाराशी ठेवून आधी माझी नाडी धरायचीस. मी म्हणायचे, "तू काय वैद्य झालीस की काय?" तू हसायचीस. कपडे वाळत घालायला उठले की ओरडायचीस. लिफ्ट बंद पडली तेव्हा तू सोसायटीच्या अध्यक्षांशी असं भांडलीस, की ते अजून तुला बघून रस्ता बदलतात. मी सगळ्यांना सांगायचे, बहीण असावी तर अशी.

आता एकेक आठवण काढून बघते तर प्रत्येकीची उलटी बाजू दिसते. तू माझा हात धरून बसायचीस, ते प्रेम होतं की मोजमाप? मला आता सांगता येत नाही, आणि हे तू माझ्याकडून काढून घेतलंस. मागचं सगळं काढून घेतलंस.

आणि तलाव. पोरगी वर्षाची झाल्यावर मी पुन्हा शिकवायला लागले, तेव्हा आपलं मोठं भांडण झालं. "तुला काय कमी आहे? पाण्यात कशाला मरायला जातेस?" तू म्हणालीस. मला राग आला. मला वाटलं, तुला माझं काम हलकं वाटतं. टेबलाशी बसून रेघा ओढणाऱ्या माणसाला पाण्यातलं काय कळणार, असं मी बोलले. त्या क्षणी दोन वाक्यं पुरली असती. तू तोंड मिटलंस आणि मी पुढची नऊ वर्षं रोज सकाळी पाण्यात उतरले. डॉक्टर म्हणतात, या आजारात पोहण्यासारखं वाईट काही नाही. प्रत्येक फेरीला स्नायू झिजत गेला.

तू कधी कधी मला न्यायला यायचीस आणि काठावरच्या बाकावर बसायचीस. मी या टोकाहून त्या टोकाला जाताना तू बघायचीस.

कशी बघत बसलीस गं?

धाकटी


९ मार्च

थोरले,

हे पत्र बसून लिहितेय, टेबलाशी.

काल मी रुग्णालयात गेले होते. यंत्राच्या टाक्यांची तपासणी होती. ती झाल्यावर मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. वेळ घेतली नव्हती. ते डबा उघडून बसले होते, तो त्यांनी मिटला.

मी ठरवूनच गेले होते. त्यांना म्हटलं, "माझ्या बहिणीने खोटं सांगितलं हे कळलं. पण तुम्ही इतकी मोठी माणसं, इतके विभाग, इतक्या समित्या. एका बाईने येऊन सांगितलं की दुसरीला माहीत आहे, आणि तुम्ही मान डोलावलीत? मला एक फोन करता आला नाही?"

चष्मा निघाला. पुसला गेला.

"बाई, तुमचा राग बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मी एकट्या बहिणीवर विसंबलो नव्हतो. मी त्यांना स्पष्ट म्हटलं होतं, मला तुमच्या बहिणीशी बोलायचंय, नाहीतर घरातल्या कोणाशी तरी. म्हणून तर पुढच्या आठवड्यात त्या तुमच्या मिस्टरांना घेऊन आल्या."

मी म्हटलं, "कोणाला?"

"तुमच्या मिस्टरांना. इथेच बसले होते, तुम्ही बसलात तिथे. म्हणाले, बायकोला सगळं सांगितलंय, आमचा निर्णय झालाय, आम्ही घराजवळच्या डॉक्टरांकडे दाखवतोय. तिला इथे यायचा ताण नको. नवराच सांगतोय म्हटल्यावर..."

मी त्या खुर्चीवरून उठले. उगाचच. खुर्चीचा काय दोष?

घरी आले तेव्हा तो स्वयंपाकघरात पोरीचा, भिंगरीचा, गणवेश इस्त्री करत होता. ती खाली खेळत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"तू माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना कधी भेटला आहेस?" मी विचारलं.

"आत्ता? रोजच तर भेटत होतो, तू आत असताना."

"त्याच्या आधी."

त्याने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. वायर गुंडाळली. मी बघत राहिले. इतक्या नीटनेटक्या माणसाशी मी लग्न केलंय, हे मला तेव्हा नव्याने दिसलं.

"तिने सांगितलं तुला?" तो म्हणाला.

"तिने सांगितलं नाही. तिने मला एक ओळ पाठवली आणि तुझं नाव घेतलं नाही."

तो खाली बसला, तिथेच फरशीवर, कपाटाला टेकून. म्हणाला, "ती तुला सांगायलाच निघाली होती. दारात होती. जिन्यात तिने आधी मला सांगितलं आणि मीच तिला थांबवलं. हात जोडले."

"का?"

"डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, काही बायकांना आम्ही मूल ठेवू नका म्हणतो. तू दोनदा त्यातून गेली होतीस. दुसऱ्या वेळी तू तीन महिने बोलली नव्हतीस, आठवतं? पुन्हा तसं झालं असतं तर तू राहिली नसतीस. मला वाटलं, बाळ होऊ दे. मग सांगू."

"मग?"

"मग तू दूध पाजत होतीस. मग भिंगरी आजारी पडली. मग तू तलावावर जायला लागलीस आणि इतकी खूष होतीस." त्याने तोंडावरून हात फिरवला. "प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगितलं तर तू विचारशील, आधी का नाही सांगितलंस. जितकं लांबलं तितकं ते अवघड होत गेलं."

"तुला मी मरेन असं नाही वाटलं?"

"वाटायचं," तो म्हणाला. "रोज वाटायचं. तू घरी आलीस की सुटल्यासारखं व्हायचं."

थोरले, यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. तो असा खरं बोलत असताना मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

आता तू सांग. मी तुला मागच्या दोन पत्रांत काय काय बोलले. तू सगळं अंगावर घेतलंस, त्याला पुढे केलं नाहीस. का? मला वाचवत होतीस की त्याला? की तुम्हा दोघांना आता सवयच लागली आहे, मला काय झेपेल ते आपसात ठरवायची?

धाकटी


१६ मार्च

तुझं पत्र आलं. "तुझं घर राहावं म्हणून," लिहिलंयस.

म्हणजे पुन्हा माझ्याच भल्यासाठी, पुन्हा मला न विचारता.

तो बाहेरच्या खोलीत झोपतो. पण जिना चढताना मला त्याचाच हात धरावा लागतो, आणि तो न बोलता पुढे करतो. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. उत्तर नको.


४ एप्रिल

थोरले,

डॉक्टर घरी आले होते. मोठे डॉक्टर, कोट न घालता, फळांची पिशवी घेऊन. त्यांना पाहून भिंगरी तोंडावर हात ठेवून आत पळाली, कारण त्यांच्या शर्टाची बटणं एक सोडून एक लागली होती.

आधी त्यांनी माफी मागितली. नीट मागितली, कारणं न देता. म्हणाले, "तुमच्या घरच्यांनी खोटं सांगितलं, पण तुमच्याकडून समोरासमोर ऐकायला हवं होतं ते मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. आता आम्ही नियम बदलतोय. एका जुळ्यात सापडलं तर दुसऱ्याला आम्हीच समोर बसवून सांगणार."

मी म्हटलं, "चांगलं केलंत."

मग ते थोडा वेळ चहाचा कप फिरवत बसले. मला वाटलं, आता उठतील. पण ते म्हणाले, "आणखी एक विचारायचं होतं. तुम्ही रागावलात तर मी लगेच जातो."

त्यांना आपल्या दोघींवर लेख लिहायचाय. त्यांच्याकडे इतकी जुळी आहेत, पण आपल्यासारखी जोडी एकही नाही. एकच हृदय, एकच दोष. एकीला पहिल्या दिवसापासून गोळ्या, दुसरीला काहीच नाही. हे औषध लवकर दिल्याने खरंच फरक पडतो का, यावरून डॉक्टर लोक कित्येक वर्षं भांडत आलेत म्हणे. "मुद्दाम असं करून बघता येत नाही," ते म्हणाले. "एकीला औषध द्यायचं आणि एकीला नाकारायचं, हा गुन्हा होईल. आणि इथे ते आपोआप घडलंय."

"आपोआप नाही घडलं," मी म्हटलं.

ते लाल झाले. "नाही. बरोबर आहे. आपोआप नाही."

मी विचारलं, "लेखात काय लिहिणार? दुसरीला औषध का मिळालं नाही?"

"साधारणपणे असं लिहितात की निदानाला उशीर झाला."

"निदान वेळेवर झालं होतं, डॉक्टर. तुम्हीच केलं होतंत."

"हो."

"मग लिहा, तिला सांगितलं गेलं नाही."

ते म्हणाले, "तसं लिहिलं तर आमच्यावरही येतं."

"येऊ द्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ लागला त्यांना, पण हलवली. म्हणाले, लिहीन. मी हो म्हटलं. तुझ्यासाठी म्हटलं नाही. कुठे तरी कोणाची तरी दुसरी बहीण असेल, तिच्यासाठी म्हटलं. दोघींना एकाच दिवशी यावं लागेल. तेव्हा तू ये. माझ्याशी बोलायला येऊ नकोस, तपासणीला ये.

भिंगरीचंही रक्त घेतलंय. या आजाराची शक्यता अर्धी-अर्धी असते. रक्त घ्यायच्या आधी तिला समोर बसवून मी सांगितलं, हे कशासाठी आहे, आईच्या हृदयात काय आहे, आजोबांच्या होतं, मावशीच्या आहे. तो म्हणत होता, निकाल येईपर्यंत कशाला घाबरवतेस. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो गॅलरीत गेला.

ती घाबरली नाही. तिने विचारलं, "दुखेल का?" मी म्हटलं, सुई दुखेल थोडी. "मग ठीक आहे," म्हणाली.

धाकटी


२ मे

थोरले,

त्या दिवशी तू आलीस. आपण बोललो नाही, म्हणून लिहितेय.

रक्त, डोळे, हाडं. त्वचेचे डॉक्टर निवृत्त झालेत, त्यांच्या जागी एक तरुण बाई आहेत, त्यांनी आपल्या दोघींची नावं पुकारली आणि आपण उभ्या राहिलो, तर त्यांनी दाराकडे पाहिलं. दुसरी जुळी अजून यायची आहे असं त्यांना वाटलं. तुला ते लागलं, मी पाहिलं. मलाही लागलं. तुझ्या गालांवर रंग आहे. माझ्या घोट्यांना सूज येते म्हणून मी नवऱ्याच्या मापाच्या चपला घालून आले होते.

हृदयाच्या खोलीत त्यांनी सोनोग्राफीचे दोन पडदे शेजारी शेजारी लावले. डावीकडे तू, उजवीकडे मी. तुझं उघडत होतं, मिटत होतं. माझं ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं, मधेच एकदा दचकायचं. डॉक्टरांच्या मागे उभी असलेली शिकाऊ मुलगी भराभर लिहून घेत होती. तिच्या तोंडून "किती सुंदर" असं निघून गेलं, मग तिने जीभ चावली. मला तिचा राग आला नाही. तिला आकडे दिसत होते.

तू रडायला लागलीस. मी पडद्याकडे बघत राहिले. माझं हृदय कसं दिसायला हवं होतं ते मला तुझ्या पडद्यावर दिसत होतं. आरशात बघतो तसं. तेवढं बघून घेतलं.

मग बाहेर तू माझ्या पिशवीला हात घातलास, उचलायला. मी दिली. मला ती झेपत नव्हती, म्हणून दिली. त्याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

काल भिंगरीचा निकाल आला. आपला दोष तिच्यात उतरलेला नाही. पळू दे, पोहू दे, हवं ते करू दे, म्हणाले. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात खाली बसले. तो आला, त्यालाही ऐकू गेलं होतं. तो रडला. मग माझ्याजवळ बसून म्हणाला, "बघ. सगळं नीट झालं ना शेवटी?"

थोरले, पोरगी धडधाकट निघाली, म्हणजे तुम्ही दोघं बरोबर ठरलात, असं त्याला वाटतं. तुलाही वाटणार. सगळ्यांनाच वाटणार. कोणालाही विचार, म्हणतील, एवढी गोड पोर पदरात आहे, आता आणखी काय हवंय तुला?

मला काय हवं होतं ते सांगते. डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून विचारायला हवं होतं, बाई, असं असं आहे, तुम्ही काय करता? मी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. कदाचित मी म्हटलं असतं, काढून टाका, मला जगायचंय. कदाचित म्हटलं असतं, मेले तरी चालेल, हे ठेवा. मी खूप प्रयत्न करते त्या खुर्चीवर जाऊन बसायचा, पण तिथे उत्तर नाही. दुसरं म्हटलं असतं तर ती माझी झाली असती, जीव देऊन घेतलेली. आता तिला जन्म मी दिला, पण निवडलं तुम्ही दोघांनी, जिन्यात उभं राहून.

तुझ्याकडे मी येणार नाही. तू आलीस तर दार उघडेन, कारण पोरीला मावशी हवी आहे. त्याला मी जा म्हणणार नाही, कारण मला जिना चढता येत नाही आणि तिला बाप हवा आहे. यापुढे माझं चालेल ते असं.

आज सकाळी भिंगरी माझ्या शेजारी येऊन पडली. यंत्राच्या उंचवट्यावर तिने बोट ठेवलं, मग कान ठेवला. म्हणाली, "आई, तू मावशीवर का रागावलीस? बाबावर पण. खरं सांग."

मी खरं सांगितलं. त्या दोघांना माझा आजार माहीत होता आणि त्यांनी मला सांगितलं नाही.

"का नाही सांगितलं?"

"तू पोटात होतीस. मी घाबरेन असं त्यांना वाटलं."

तिचं डोकं कसं चालतं ते तुला माहीत आहे. म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, "काय करणार? तुझी वाट बघत बसले असते."

ती हसली आणि उड्या मारत खाली गेली. मी तशीच पडून राहिले. तोंडातून ते इतकं सहज गेलं होतं, थोरले. तुझ्यासारखंच, चादर नीट करता करता.

कदाचित मी तिला ठेवलं नसतं, ही गोष्ट आता आपण तिघांनीच ठेवायची आहे. तू, तो आणि मी. तिला कधी कळता कामा नये. तुम्ही मला फसवलंत ते एक वेळ मी कुठे तरी ठेवून देईन, पण आता मला तुमच्यात घेतलंत, त्याचं काय करू ते सांग.

धाकटी